नळीचं दुसरं टोक

बागेत शेड उभारायची तर पाया कसा घ्यावा, असं परवा पलीकडच्या घरात नव्याने आलेल्या गृहस्थांनी कुंपणावरून विचारलं. मला असलं काही विचारलं की मी सुरू होतोच. नुसत्या जमिनीवर ठेवाल तर तळाची लाकडं दोन वर्षांत कुजतील. खडीचा थर टाकाल तर पाणी निचरून जाईल, पण वजन जास्त झालं की तो एका बाजूला दबतो. सहा सपाट दगड ठेवून त्यावर चौकट बसवणं सगळ्यात सोपं. चौथा प्रकार म्हणजे चर खणून काँक्रीट ओतायचं. तो मात्र करू नका म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी कुंडीतल्या झाडाकडे बघत बसलो. ते कारण इथे सांगतो.

मी एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली. दुकानदारांचे तराजू, लोखंडी मापं, मीटरच्या पट्ट्या. अर्ध्या ग्रॅमच्या फरकावरून मी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलेलं आहे. निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे भंगारातून जमवलेल्या जुन्या वजनांचा एवढा ढीग झाला होता की झोपायच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसाच्या उंचीचा एक तराजूही होता. शेवटी एक दिवस आमच्या हिने स्पष्ट सांगितलं, "एक तर ही लोखंडं या घरात राहतील, नाही तर मी." मी विचार करायला जरा जास्त वेळ घेतला असावा, कारण त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग स्वयंपाकघराच्या मागच्या मोकळ्या जागेत शेड बांधायचं ठरलं.

त्यासाठी थोरला आला. थोरला म्हणजे गवंडी. ते दोघं भाऊ जोडीनं काम करायचे, आणि सगळे त्यांना थोरला-धाकटा म्हणायचे. धाकटा काही वर्षांपूर्वी गेला, एवढंच मला माहीत होतं. थोरला साठीचा, किडकिडीत, सायकलवरून येणारा. त्यानं मागची माती मुठीत घेऊन चुरली, हुंगली आणि टाकून दिली.

"साहेब, ही भरावाची माती आहे. हिला खोल छेडू नका. दगड मांडू या."

"माझी वजनं किती आहेत माहीत आहे का? साडेसहाशे किलो. दगड खचतील."

"नाही खचत. आणि खचलाच एखादा, तर उचलून खाली खडी सारता येते. चर खणला की मग तो खणलेलाच असतो."

"पाया पक्का तर सगळं पक्कं," मी म्हटलं.

"अहो, नाकापेक्षा मोती जड होईल," ही खिडकीतून म्हणाली. "शेड केवढी, पाया केवढा!"

पण मी हट्टाला पेटलो होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापात खोट काढलेला माणूस स्वतःचं काम दगडांवर कसं ठेवेल? थोरल्यानं पुन्हा एकदा मातीकडे पाहिलं. मग त्यानं कुदळ घेतली. त्या दिवशी मी त्याचं ऐकलं असतं तर आज असा अस्वस्थ फिरत राहिलो नसतो.

चर दोन दिवसांत झाला, गुडघ्याइतका खोल. चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकल्या. आता पाणसळ घ्यायची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लांब पारदर्शक नळी पाण्यानं भरतात. एक टोक ठरलेल्या खुणेशी धरायचं, दुसरं खुंटीशी. नळी मधून कितीही वळणं घेऊ दे, दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला थांबतं. खुंटीवर तिथं रेघ ओढायची, आणि त्या रेघेपासून खाली काठी धरून चराचा तळ मोजायचा. सगळे तळ सारखे आले की झालं. इतकं प्रामाणिक माप दुसरं नाही. पाणी कुणाला फसवत नाही, असं मी तेव्हा म्हणायचो.

आमची ठरलेली खूण पुढच्या ओसरीच्या पायरीवर होती आणि चर घराच्या मागे. थोरला एकटाच ओसरीवर टोक बांधायचा, मागे जायचा, पाणी हललं की पुन्हा पुढे यायचा. त्याच्या त्या येरझाऱ्या मला बघवेनात.

"द्या, पुढचं टोक मी धरतो."

त्यानं नळी लगेच दिली नाही. "धरा. पण पद्धत ऐका. तुमच्याकडचं पाणी खुणेवर आलं की विचारा, 'थांबलं?' माझ्याकडचं थांबलं असेल तर मी म्हणेन, 'थांबलं.' उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. तरी आलं नाही तर नळी ठेवा आणि येऊन बघा. पण माझं उत्तर तुम्ही देऊ नका."

"मी कशाला देईन?"

"देतात, साहेब. कंटाळा येतो, भूक लागते. माणूस 'थांबलं' म्हणून जातो."

पहिले तीन कोपरे झटपट झाले. मी विचारायचो, मागून उत्तर यायचं, काम पुढे सरकायचं. दुपार ढगाळ होती, वारा पडला होता. चौथ्या कोपऱ्याच्या वेळी माझ्या टोकातलं पाणी खुणेवर ठरेना. जरा वर, जरा खाली. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं. मी हात घट्ट धरला, श्वास रोखला. पाणी हलतच होतं.

"थांबलं?"

उत्तर नाही.

"थांबलं का हो?"

मागून ओल्या मातीचा वास आला. बंद तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. मग अगदी हळू, घोगऱ्या आवाजात कुणी तरी म्हणालं, "थांबलं..."

त्याच क्षणी पाणी खुणेवर येऊन निश्चल झालं. मी समाधानानं टोक खाली ठेवलं, तोच समोरचं फाटक वाजलं. रस्त्यावरून थोरला आत येत होता. हातात सुतळीचा गुंडा होता.

"सायकलला राहिला होता, मागच्या वाटेनं गेलो," तो म्हणाला. "आता चौथा कोपरा घेऊ या."

आम्ही दोघं मागे गेलो. नळीचं दुसरं टोक चौथ्या खुंटीला टेकवून उभं होतं, आणि खुंटीवर रेघ होती. पेन्सिलीची नव्हती. लाकडात नख रुतवून ओढलेली होती. असायला हवी होती त्याच्या बरोबर एक बोट खाली.

थोरल्यानं त्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि तो चराच्या काठावर बसला.

"धाकट्याची पेन्सिल कायम हरवायची," तो म्हणाला. "तो नखानं खूण करायचा. मी रागवायचो त्याला."

मग त्यानं मला सगळं सांगितलं. एका मोठ्या घराच्या पायाचं काम होतं. धाकटा खोल चरात, थोरला वर, भिंतीच्या पलीकडे. जेवणाची वेळ टळून गेली होती. थोरल्यानं विचारलं, थांबलं? उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मग भुकेच्या तिरीमिरीत तोच म्हणाला, 'थांबलं, थांबलं,' आणि खूण करून डबा उघडून बसला. चराची कड तोवर ढासळली होती. अर्धा डबा संपल्यावर तो बघायला गेला.

"साहेब, दुसऱ्याच्या वाट्याचं 'थांबलं' आपण म्हणायचं नसतं. म्हटलं की त्याचं सगळंच थांबतं."

मला त्याची दया आली, हे खरं. पण मी त्याच वेळी मनात हिशेब मांडत होतो की खुंटीवर जुनी रेघ असेल, वाऱ्यानं आवाज आला असेल. वारा पडलेला होता, हे मी सोयीनं विसरलो. आणि अजून मला वाईट वाटतं ते याचं, की तो "चर बुजवून दगड मांडू या" म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "एवढं खणून झालंय, आता कशाला?"

तो उठला आणि चौथा कोपरा एक बोट खोल केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणसळ घेतली. तीन कोपरे बरोबर. चौथ्यावर नखाची नवी रेघ, चार बोटं खाली. तिसऱ्या दिवशी एक वीत. चौथ्या दिवशी एक हात. थोरला प्रत्येक रेघेइतकं खणत होता. मी खुंटी बदलून पाहिली. नळी बदलली. सकाळी लवकर माप घेतलं, भर उन्हात घेतलं. कुठं तरी पाणी मुरत होतं एवढं कळत होतं, कुठं ते कळत नव्हतं. माझी झोप उडाली. जेवताना ताटातलं वरण हललं तरी मी ते थांबायची वाट बघत बसायचो.

"अहो, तो माणूस एकटाच बोलतो चरात," ही एकदा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "बोलतो, मग गप्प राहतो... ऐकल्यासारखा. मला नाही बरं वाटत. दगडांवर ठेवा ना ती शेड. माझं काही म्हणणं नाही, वजनं पलंगाखाली राहू देत."

पलंगाखाली! एवढ्या वर्षांत तिनं कधी असं म्हटलं नव्हतं. मी तडक मागे गेलो. चौथ्या कोपऱ्यात थोरला छातीपर्यंत खाली होता. माती काळी आणि चिकट लागली होती, तिचा तो तळघराचा वास स्वयंपाकघरात शिरला होता.

"थोरले, पुरे. वर या. बुजवून टाका सगळं. दगड मांडू."

त्यानं मान वर केली. "आता नाही, साहेब. तुम्हीच म्हणालात ना, पाया पक्का हवा."

"मी चुकलो. झालं?"

"तेव्हा मी वेळेत बघायला गेलो नाही," तो म्हणाला. "आता थोडंच राहिलंय. एकदा टोक धरा. शेवटचं. तळ लागला की मी आपणहून वर येतो."

मला वाटलं, एकदा धरावं, त्याचं समाधान करावं आणि हात धरून त्याला बाहेर काढावं. मी ओसरीवर गेलो. संध्याकाळ व्हायला अवकाश होता, तरी उजेड मळला होता. मी टोक खुणेशी लावलं. पाणी वर, खाली. वर, खाली.

"थांबलं?"

उत्तर नाही.

"थोरले... थांबलं का?"

घर एकदम मुकं झालं होतं. आत भांड्याचा आवाज नाही, बाहेर पाखरू नाही. नळीत मात्र बारीक टिक्... टिक्... असं काही तरी वाजत होतं. मला उठून जायला हवं होतं. त्यानं सांगितलेलं होतं, उत्तर आलं नाही तर येऊन बघा. पण मी उठलो नाही. त्या कोपऱ्यात काय दिसेल याची मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? आणि भीतीच्या तळाशी कंटाळा होता. हे सगळं एकदाचं संपावं, चहा घ्यावा, दिवा लावावा. शब्द जिभेवर आपोआप आला. मी तोंड उघडलं.

"थांब..."

एवढं बाहेर पडलं आणि नळीतलं पाणी झपकन खाली गेलं. पलीकडून कुणी तोंड लावून ओढून घ्यावं तसं. नळी रिकामी झाली आणि तिच्यातून एक लांब, ओला श्वास माझ्या बोटांवर आला.

"थांबा!" मी ओरडलो, आणि धावलो.

थोरला चराच्या तळाशी उकिडवा बसला होता. नळीचं टोक कानाला लावलं होतं, डोळे मिटले होते, चेहऱ्यावर हसू होतं. त्याच्या पाठीमागच्या कडेला वरून खाली एक भेग गेली होती आणि तिच्यातून माती झिरपत होती. मी पालथा पडून त्याच्या बगलेत हात घातले. तो जड लागला, फार जड. वजनाच्या बाबतीत माझा हात चुकत नाही, तो एका माणसाचा भार नव्हता. हिला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिनं त्याची कॉलर धरली. आम्ही दोघांनी ओढला तसा तो बाहेर आला, आणि पाठोपाठ अख्खी कड आत बसली. आवाज फार झाला नाही. गादी टाकल्यासारखा झाला.

त्याची एक चप्पल खाली राहिली. तो जमिनीवर पडून श्वास घेत होता. मग माझ्याकडे बघून लहान मुलासारखा रडायला लागला.

"तुम्ही बघायला आलात," तो म्हणाला. "मी नव्हतो गेलो."

चर बुजवला. नळीचं दुसरं टोक खालीच अडकलं होतं. आम्ही दोघांनी ओढून पाहिलं, येईना. थोरल्यानं ती जमिनीलगत सुरीनं कापली आणि वर खडी पसरली. मग सहा सपाट दगड मांडले, त्यावर चौकट, त्यावर शेड. वजनं आत गेली. दगड सुताइतकेही खचलेले नाहीत, त्याचं म्हणणं खरं होतं. जाताना त्यानं फाटकाशी वळून विचारलं, "साहेब, तुम्ही 'थांबलं' म्हणाला नाहीत ना?"

"नाही. थांबा म्हणालो."

हे खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं.

पुढचे दोन महिने शांततेत गेले. शेडमधल्या तराजूची रिकामी पारडी सारखी हलतात, एवढंच. दार बंद असतं, वारा लागत नाही, तरी वर, खाली. मी त्यांच्याखाली वर्तमानपत्राचे बोळे घातले.

मग एका दुपारी मी पुढच्या ओसरीवर चष्मा पुसत बसलो होतो. आतून हिचा वैतागलेला आवाज आला. "अहो, ऐकलं की एकदा! थांबलं, थांबलं, किती वेळा सांगाल? काय थांबलं तिकडे शेडमध्ये?"

मी तोंड उघडलं नव्हतं. आणि माझा आवाज ती अडतीस वर्षं ऐकतेय.

मी सायकल काढली ती थेट थोरल्याच्या दारात. वाटेत मला काय काय दिसलं ते मलाच ठाऊक. तो उंबऱ्यावर बसून थापी घासत होता. जिवंत, धडधाकट. मला रडूच आलं. मग मी त्याला तो अर्धा शब्द सांगून टाकला.

त्यानं थापी खाली ठेवली. "अर्धा तुम्ही म्हणालात, उरलेला कुणी तरी पुरा केला," तो म्हणाला. "मग येत जा, साहेब. रोज येऊन बघत जा. बघणारा असला की नाही थांबत."

तेव्हापासून मी रोज सकाळी चहा झाला की त्याच्याकडे जातो. तो दारात असतो. मी "बरं आहे ना?" विचारतो, तो "आहे" म्हणतो, मी परत येतो. आमची ही म्हणते, असे तर तुम्ही सासुरवाडीलाही कधी गेला नाहीत. हसायला बरं वाटतं.

आज सकाळी उठायला जरा उशीर झाला. मी चप्पल शोधत होतो.

"आता पुन्हा कुठे?" हिनं विचारलं.

"थोरल्याकडे."

"आत्ताच तर आलात की! फाटक वाजलं, चपला काढल्यात, 'बघून आलो, सगळं थांबलंय' म्हणालात मागच्या दारातून..."

मी सायकल कशी हाणली ते आठवत नाही. तो दारात होता. उंबऱ्यावरच बसलेला होता, पण त्याचा चेहरा उतरला होता, आणि मला बघून तो उठला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "मघाशी तुम्ही इथं आला होतात का?"

"नाही."

"मला वाटलंच. तुमच्यासारखाच दिसत होता. दारात उभं राहून विचारलं, 'थांबलं?' मी उत्तर नाही दिलं. हसत होता... आणि पायात माझी चप्पल होती, एकच."

मी दुपारपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिलो. आता घरी आलोय. अलार्म साडेचारचा लावलाय, सायकलमध्ये हवा भरून ठेवलीय. उद्या मला आधी पोचायला हवं.